मातीवाल्याचं काम

आषाढ लागला की अण्णा मला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला जायचे. ब्रश, पिवडी, सोनेरी पावडर, कसली कसली सामानाची यादी त्यांच्या खिशात असायची. कुर्ल्याहून लोकलने व्हीटी, तिथून चालत. वाटेत डाव्या हाताला जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं फाटक लागायचं. तिथे अण्णांची चाल जरा मंदावायची, पण ते कधी थांबले नाहीत. थांबायचे ते पुढे, पोलीस आयुक्तालयाच्या भिंतीशी. तिथून रस्त्यापलीकडे मार्केटच्या मोठ्या कमानी समोर दिसतात. दारांच्या वर, कमानींच्या पोटात, दगडात उठवलेली माणसं आहेत. गव्हाच्या शेतात काम करणारी.

"बघ गो बाय," अण्णा दर वर्षी म्हणायचे, "ह्यां काम दगडवाल्याचां नाय. मातीवाल्याचां आसा."

मी आठ-नऊ वर्षांची. माझं लक्ष आत विकायला ठेवलेल्या पोपटांकडे. दगड समोर दिसत असताना अण्णा माती का म्हणतात, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

अण्णांचा गणपतीचा कारखाना होता. म्हणायचं म्हणून कारखाना. तीन बाजूंनी पत्रे आणि वर ताडपत्री. आमच्या गावाकडे, सावंतवाडीच्या बाजूला, असल्या जागेला 'गणपतीची शाळा' म्हणतात. मुंबईला आल्यावर शाळेचा कारखाना झाला, एवढाच फरक. अण्णा आधी लालबागला दुसऱ्याच्या हाताखाली होते, मग कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीच्या अंगाला, त्यांनी स्वतःचं छप्पर घातलं. मी सात वर्षांची होईपर्यंत गावी आजीजवळ होते. चाकरमान्यांच्या मुलांचं असंच असायचं. बाप वर्षातून एकदा येणार, तेही शिमग्याला, कारण चतुर्थीला सगळी कोकणातली माणसं गावी जातात तेव्हा गणपती घडवणाऱ्याला मुंबई सोडता येत नाही.

अण्णांच्या त्या वाक्याचा अर्थ लागायला मला वीसेक वर्षं लागली. दगडात काम करणारा हात काढत जातो, मातीत काम करणारा लावत जातो. इमारतीवरच्या शिल्पाची रीत अशी की आधी माती थापून आकृती घडवायची, तिचा प्लास्टरचा साचा काढायचा, आणि त्या नमुन्यावरून मापं घेऊन दगड कोरायचा. शेवटचा हात छिन्नीचा असला तरी पहिला हात अंगठ्याचा असतो, आणि अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे तो लपत नाही. धोतराची चुणी कुठे 'काढलेली' आहे आणि कुठे 'लावलेली' आहे हे त्यांना खालून, रस्त्याच्या पलीकडून, बसच्या धुराच्या आणि कबुतरांच्या राज्यात वाचता यायचं. मला आजही तितकं येत नाही. त्यांनी सांगितलं म्हणून दिसतं.

नाव सापडलं ते मी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करत असताना, ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात. इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा, बांधकाम पुरं झालं 1869 साली, आणि दारांवरची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंग यांची. किपलिंग म्हटल्यावर मनात जो 'जंगल बुक'वाला लेखक येतो तो नव्हे, त्याचा बाप. बहुतेक ठिकाणी या माणसाची ओळख एवढ्यावरच संपते, 'रुडयार्ड किपलिंगचे वडील'. आपल्याकडे माणूस जन्मभर अमक्याचा मुलगा म्हणून ओळखला जातो. याचं उलटं झालं.

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. एक इंग्रज होता, चिनी मातीच्या कारखान्यात काम करत होता, तिथून मुंबईला आला.

"म्हणजे मातीवालोच ना?"

"हो अण्णा."

"मग!" एवढं बोलून ते परत सोंडेकडे वळले.

लॉकवुडचा जन्म 1837 सालचा, यॉर्कशायरमधल्या पिकरिंग गावचा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. चौदा वर्षांचा असताना, 1851 साली, त्याने लंडनचं ते प्रचंड औद्योगिक प्रदर्शन पाहिलं आणि आपण कलेतच काहीतरी करायचं असं ठरवलं. पुढे तो बर्स्लेमला गेला. हे स्टॅफर्डशायरमधलं कुंभारांचं गाव. भट्ट्यांचा धूर आणि कपबशांच्या चळती. तिथे एका कारखान्यात नक्षी काढायची, भांड्यांचे आकार बेतायचे, आणि जोडीला कलाशाळेत शिकायचं. या गावच्या भट्ट्यांत पांढरी माती लागायची ती दूरच्या कॉर्नवॉलहून जहाजाने यायची. हे वाचताना मला हसू आलं. अण्णांची शाडूसुद्धा कुठे मुंबईची होती? भावनगरकडून गोण्या यायच्या. मूर्ती कोकणी, माती गुजराती, आणि पुढे पुढे कारखान्यातले हात बिहारचे. बाप्पा मात्र मुंबईचा.

बर्स्लेममध्ये वेजवुड या तिथल्या नामवंत कुंभाराच्या नावाने एक संस्था उभी राहिली. तिच्या दर्शनी भिंतीच्या आराखड्यात लॉकवुडचा हात होता. भाजलेल्या मातीची भिंत. तिच्यावर बारा महिन्यांची शिल्पं आहेत आणि त्यांच्यासोबत मातीची भांडी कशी घडतात त्याची दृश्यंही आहेत. ही इमारत उघडली 1869 साली, आपल्या क्रॉफर्ड मार्केटच्याच वर्षी. तोवर लॉकवुड मुंबईत चार वर्षांचा जुना झाला होता. मला वाटतं, या माणसाविषयी काही सांगायचं तर इथूनच सांगायला हवं. तिकडे दारावर कुंभार, इकडे दारावर शेतकरी. त्या काळी इमारतीवर माणूस चढवायचा तर राजा, राणी, गव्हर्नर, नाहीतर न्याय, प्रगती असल्या देवीबाया. कामकऱ्याला तिथे जागा मिळणं तितकं सरसकट नव्हतं.

तो मुंबईला आला 1865च्या उन्हाळ्यात, नवीन लग्न झालेल्या ॲलिससोबत. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचा होता, त्यामुळे मिसरमध्ये जमिनीवरून प्रवास करून पुन्हा बोटीत. जे.जे.त वास्तुशिल्पाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. आला तो मुहूर्त मात्र भलताच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सगळं शहर प्रेमचंद रायचंद या बड्या दलालाच्या नादाने शेअरच्या सट्ट्यात बुडालं होतं. एप्रिलमध्ये ते युद्ध संपलं, आणि जुलै उजाडला तसे पेढीवाले झोपले. कालचे लखपती आज देणेकरी. नवीन नवरा-बायकोने संसार मांडला तो असल्या पडझडीत.

पण पडझडीची दुसरीही एक बाजू होती. फोर्टची जुनी तटबंदी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी पाडायला घेतली होती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची रांग उठायची होती. गॉथिक धाटणीच्या त्या इमारतींना खांबांवर पानं हवीत, कोपऱ्यांवर पक्षी हवेत, कमानींत माणसं हवीत. हे सगळं विलायतेहून मागवायचं तर परवडणार नाही. म्हणून इथलेच हात तयार करायचे. सर जमशेटजी जिजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांतून 1857 साली कलाशाळा सुरू झाली होतीच. तिच्यात तीन कार्यशाळा काढल्या: सजावटीच्या चित्रांची जॉन ग्रिफिथ्सकडे, लोखंडकामाची हिगिन्सकडे, आणि मातीकामाची लॉकवुडकडे. शाळेची आजची दगडी इमारत 1878 सालची. म्हणजे लॉकवुडने ती कधी वापरलीच नाही. त्याने शिकवलं ते एस्प्लनेडच्या मैदानावरच्या तात्पुरत्या छपरांखाली. छपराखालची शाळा. आमच्याकडचा शब्द कुठे जाऊन चिकटतो बघा.

त्याच आवारात, तिथल्या एका बंगल्यात, 30 डिसेंबर 1865 रोजी रुडयार्डचा जन्म झाला. या मुलाने म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यात मुंबईची पाच-सहाच पानं आहेत, पण ती मी पुन्हा पुन्हा वाचली. त्याची अगदी पहिली आठवण पहाटेची आहे: उजेड, रंग, आणि आपल्या खांद्याच्या उंचीला आलेली सोनेरी, जांभळी फळं. सांभाळणाऱ्या आयेचं बोट धरून तो भल्या सकाळी फळबाजारात जायचा. दुसरी आठवण बापाच्या शाळेची. रंगांचा, तेलाचा वास, आणि खेळायला मातीचे गोळे.

मातीचे गोळे! ही ओळ वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मुंबईत आल्यावर पहिल्या दिवशी अण्णांनी मला खेळायला काय दिलं होतं? शाडूचा गोळा. "उंदीर कर," म्हणाले. मी उंदीर केला, त्याला कान लावले, ते पडले. अण्णांनी चिमटीत माती घेऊन, पाण्याचं बोट फिरवून, ते परत बसवले. ओल्याला ओलं चिकटतं, सुक्याला चिकटत नाही, हा माझा मुंबईतला पहिला धडा.

माझा प्रवास गावाकडून मुंबईकडे, त्या मुलाचा उलटा. 1871 साली, तो सहाचाही पुरा नसताना, आईबाप त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडला घेऊन गेले, साउथसीला पैसे देऊन एका कुटुंबात ठेवलं, आणि मुलांना काही न सांगता मुंबईला परतले. आदल्याच वर्षी त्यांचं तिसरं मूल इथे जन्मून लगेच गेलं होतं. इथल्या हवेत गोऱ्यांची मुलं जगत नाहीत, असा तेव्हा समज होता आणि अनुभवही. तरी न सांगता निघून जाणं मला पटलेलं नाही. माझी आजी मला बजावून सांगायची, "बापूस पोटासाठी गेलो आसा, येतलो." ते वाक्य रोज ऐकून कंटाळा यायचा, पण निदान कोणी सांगत तरी होतं. त्या दोन मुलांनी जवळपास सहा वर्षं आईला पाहिलं नाही. लॉकवुडच्या चरित्रातला हा भाग आला की मी जरा भराभर वाचते.

मार्केटकडे परत येते. त्या शिल्पात एक गोष्ट मला कधीपासून खुपते. गहू का? मुंबईच्या आसपास कोकण, म्हणजे भात. लॉकवुड रोज ज्या माणसांना पाहत असेल ती भात लावणारी, भात झोडणारी. मग बाजाराच्या दारावर गव्हाच्या लोंब्या कशा? मी बरीच वर्षं हे त्याचं परकेपण धरून चालले होते. यॉर्कशायरचा माणूस, धान्य म्हटलं की त्याच्या हाताला गहूच येणार. आमच्या शाळेतल्या मुलांना 'माझे गाव' चित्र काढायला दिलं की मुंबईत जन्मलेली, डोंगर कधी न पाहिलेली पोरंही दोन त्रिकोणी डोंगर आणि मध्ये सूर्य काढतात. हाताला सवय असते ती. हा माझा तर्क, पुरावा काही नाही. पण अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मुंबयच्या बाजारात खंयसून खंयसून माल येता. तुझ्या गावचोच भात दिसाक होयो काय?"

मार्केटच्या आत एक कारंजं आहे. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची देणगी, आराखडा इमर्सनचा, कोरीवकाम लॉकवुडचं. नद्यांच्या मूर्ती, पशू, पक्षी. मी लहानपणी पाहिलं तेव्हा त्याला पाणी नव्हतं, भोवती फळांच्या टोपल्या, आणि सगळ्यावर कुणीतरी जत्रेतल्या पाळण्यासारखे भडक रंग फासलेले. कलेचे जाणकार त्या रंगांवर फार चिडत. अण्णा नाही चिडले. "मूर्तीक रंग व्हयोच," म्हणाले. या बाबतीत मी जाणकारांच्या बाजूची आहे, पण अण्णांचं म्हणणं मला समजतं. पांढरी मूर्ती त्यांच्या लेखी अर्धवट राहिलेली मूर्ती.

आणखी एक मजा. या मार्केटचा पिवळसर दगड आमच्या कुर्ल्याचा आहे, तांबडा वसईचा, आणि जमिनीवरच्या फरशा थेट स्कॉटलंडमधल्या केथनेसच्या. पाहुणे पायाखाली, घरचे भिंतीत. नाव मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं होतं, ते बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झालं. जोतिबा लॉकवुडपेक्षा दहा वर्षांनी मोठे. शेतकऱ्याचं दुःख त्यांच्याइतकं कोणी मांडलं नाही, आणि दारावर शेतकरी आधीच येऊन बसला होता. नावं बदलण्याच्या आपल्या उद्योगातली ही एक बदली जागच्या जागी बसली, निदान माझ्या मते.

1870 ते 72 या काळात सरकारने लॉकवुडला उत्तरेत पाठवलं, तिथल्या कारागिरांची चित्रं काढायला. कुंभार, विणकर, लाकूड कोरणारे. त्यातलं सिमल्याच्या एका लाकूडकाम्याचं चित्र मी छापील स्वरूपात पाहिलं आहे. माणूस जमिनीवर बसून कामात वाकलेला. चित्रकलेच्या बाईची खोड म्हणा, मी आधी हात बघते. हात नीट पाहिलेले आहेत. ज्याने स्वतः हत्यार धरलेलं नाही त्याला पकड अशी काढता येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा लेख आरती व्हायचा. कारागिरांची ही चित्रं राज्यकर्त्यांच्या कामासाठी होती. देश ताब्यात आला, आता त्यात काय काय आहे ते मोजा, नोंदवा, मांडा, त्यातलाच तो एक भाग. सिमल्याचा लाकूडकाम्या चित्रात आहे, त्याचं नाव चित्रात नाही. मार्केटच्या कमानीतला शेतकरी लॉकवुडच्या नावावर आहे, पण त्या मातीवरून दगड ज्यांनी कोरला, ऊन डोक्यावर घेत बांबूच्या परांचीवर उभं राहून, त्यांची नावं मला कुठे मिळालेली नाहीत. गोऱ्या साहेबाने नेटिव्हाला 'हाताचा चांगला' म्हणायचं, म्हणजे डोक्याचं काम आपल्याकडे राहतं. हे कौतुक नुसतं कौतुक नसतं. मी चांगलं ओळखते ते, कारण अण्णांना मंडळाचे कार्यकर्ते असंच म्हणायचे. हात काय आहे हो तुमचा! आणि बिलाचे पैसे विसर्जनानंतर दोन महिन्यांनी.

तरीही त्या वेळच्या मुंबईत सगळं साहेबांनीच केलं असंही नाही. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. पेशाने इंजिनियर, माणूस इथला. विद्यापीठाच्या आवारातून येणाऱ्या-जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल? मला चाळिशी उलटून गेल्यावर कळलं, आणि मी चित्रकला शिकवते.

नावांच्या बाबतीत माझी स्वतःची चूकही कबूल करते. दर वर्षी मी सातवीच्या मुलांना हेरिटेज वॉकला नेते. व्हीटीपाशी आलो की मी मोठ्या ऐटीत सांगायचे, हे मोर, ही माकडं, ही पानं किपलिंगच्या बापाने करून घेतली. दहा-बारा वर्षं सांगत होते. एकदा एका मुलीने वहीत साल लिहायचं म्हणून विचारलं, "बाई, कधी?" मी गप्प. घरी जाऊन हिशेब केला. व्हीटीचं काम सुरू झालं 1878ला, संपलं 1888ला. लॉकवुडने मुंबई सोडली 1875ला. ते काम जे.जे.च्या मुलांचंच, पण जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखालचं. पुढच्या आठवड्यात वर्गात चूक सांगितली. मागच्या दहा-बारा तुकड्यांना कुठे गाठणार? ते अजून आपल्या मुलांना व्हीटी दाखवून किपलिंगचंच सांगत असतील.

1875ला तो लाहोरला गेला. मेयो कलाशाळेचा मुख्याध्यापक आणि तिथल्या संग्रहालयाचा प्रमुख. लोक त्या संग्रहालयाला अजबघर म्हणत. त्याचं मोठं नाव झालं ते तिकडे. भाई राम सिंग हा सुताराच्या घरातला विद्यार्थी त्याने तयार केला, आणि त्याच भाई राम सिंगने पुढे व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न हाउसमधलं दरबार दालन सजवलं. मुलाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची वेळ आली तेव्हाही बापाने मातीत उठावाच्या आकृत्या घडवल्या आणि त्यांचे फोटो काढून छापले. म्हातारपणीही कागदापेक्षा माती जवळची. 1893ला निवृत्ती, इंग्लंडला परत, आणि 1911च्या जानेवारीत मृत्यू. मुंबईतली दहा वर्षं या हिशेबात मध्येच कुठेतरी राहतात. चरित्रकारांनाही लाहोरची घाई असते.

पण छपराखाली सुरू झालेल्या त्या मातीकामाच्या शाळेतून पुढे कोण कोण आलं ते पाहा. गणपतराव म्हात्रे इथलेच विद्यार्थी; 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प त्यांचं. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पाहून ऑटो रॉथफिल्ड नावाच्या कलेक्टरने त्यांना जे.जे.ची वाट दाखवली. सासवण्याला त्यांच्या घरी त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. मी अण्णांना एकदा तिथे घेऊन गेले होते. बाकी सगळं सोडून ते अंगणातल्या म्हशीपाशी बसले. सिमेंटची म्हैस, खऱ्याएवढी. अर्धा तास बसले असतील. निघताना तिच्या पाठीवर थोपटलं, जशी गोठ्यातून बाहेर पडताना थोपटतात.

26 जुलै 2005. चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, म्हणजे सहा आठवडे उरलेले. कारखान्यात कच्च्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. रंग अजून कशालाच नाही. दुपारी मिठीचं पाणी चढायला लागलं. अण्णा आणि दोन पोरं वरच्या फळीवर जेवढं चढवता येईल तेवढं चढवत राहिले, मग ते फळीवरच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी चिखल तुडवत पोचले तेव्हा पाणी ओसरत होतं. पीओपीच्या मूर्ती नुसत्या कलंडल्या होत्या. शाडूच्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण जमिनीवर पांढुरकी साय धरल्यासारख्या. मध्येच एक सोंड, एक कान, एक हात अभयमुद्रेत तसाच. बिहारचा पोरगा रडत होता. अण्णा वाकले आणि दोन्ही हातांनी ती साय गोळा करायला लागले.

"अण्णा, त्यात गटाराचं पाणी आहे."

"माती ती," म्हणाले. "काय करूचां तिका? टाकूची?"

पण वापरली नाही. देवाची मूर्ती तिची करता येणार नव्हती. भावनगरच्या नव्या गोण्या यायला आठवडा लागला. त्या वर्षी निम्म्याच मूर्ती झाल्या. कारखान्याच्या कोपऱ्यात त्या जुन्या मातीचा ढीग मात्र वर्षभर ओल्या गोणपाटाखाली झाकलेला होता. पावसाळा संपल्यावर अण्णांनी तिच्यातून एक माणूस केला. डोक्यावर गोणी, मान जराशी खाली, एक हात गोणीला. फूटभर उंचीचा. साच्याशिवाय. आयुष्यात त्यांनी देव सोडून केलेलं हे एकच काम. कोणाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, "कोणाचां नाय. हमाल आसा." नाव घालायची त्यांना सवय नव्हती. गणपतीच्या पाठीवर कधी कोणी आपलं नाव घालतं का?

अण्णा जाऊन आता बारा वर्षं झाली. हमाल माझ्या टीव्हीच्या बाजूला आहे. कच्ची माती, भाजलेली नाही, म्हणून पुसायचीही भीती वाटते.

गेल्या डिसेंबरात जे.जे.च्या आवारात गेले होते. जुन्या डीन बंगल्यासमोर रुडयार्डचा अर्धपुतळा आहे. हा बंगला तो जन्मला ते घर नव्हे. ते पाडलं आणि हा नंतर बांधला. शिल्पकाराने जिथे मुलांना माती मळायला शिकवली तिथे पुतळा आहे तो त्याच्या लेखक मुलाचा. एक जोडपं त्याच्याशी उभं राहून सेल्फी घेत होतं. त्यांना काही सांगावं असं फार वाटलं, पण व्हीटीचा अनुभव होता, गप्प बसले.

तिथून चालत मार्केट. आयुक्तालयाच्या भिंतीशी आता थांबू देत नाहीत, म्हणून रस्ता ओलांडून थेट दाराखालीच गेले आणि मान वर केली. इतक्या जवळून सगळं तिरपं दिसतं. चुणी 'लावलेली' की 'काढलेली' ते शोधत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाजू, बाजू!"

मी सरकले. हमाल होता, विशी-बाविशीचा, डोक्यावर संत्र्यांची पाटी. पुढे गाडी अडकल्यामुळे त्यालाही थांबावं लागलं. मी अजून वर बघते आहे हे पाहून त्यानेही, पाटी सांभाळत जेवढी वळते तेवढी, मान तिरकी केली.

"क्या देख रहे हो मॅडम?"

"ते वरचं. शेत आहे."

त्याने डोळे बारीक केले. "गेहूँ है," म्हणाला. "हमारे उधर का." आणि पुढची गाडी हलली तशी चुंबळ नीट करून आत गेला.